सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट

'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा मुंबईतील वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांचा वाद्यसंगीताचा अल्बम आहे. एचएमव्हीने तो १९८२ मध्ये प्रकाशित केला.

वाद्ये

सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार व सिंथेसायझर वाजवीत असत. या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ये वापरली: स्वरावलींसाठी ज्युपिटर-८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि तबल्याऐवजी तालयंत्र टीआर-८०८.

रागांची मांडणी

अल्बममध्ये ललत, भूप, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस, बैरागी इत्यादी दहा राग आहेत. प्रत्येक राग सुमारे पाच मिनिटांचा असल्याने त्यात विलंबित विस्तार नाही. डिस्कोच्या एकसारख्या ठेक्यावर द्रुत स्वरावली येतात. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सरकत जाण्याची सोय असल्यामुळे मींडेचा भास होतो.

पुनर्प्रकाशन

प्रकाशनाच्या वेळी अल्बमला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधील 'बॉम्बे कनेक्शन'ने तो पुन्हा प्रकाशित केला. तेव्हा शिकागोच्या फ्यूचर या समूहाच्या 'ॲसिड ट्रॅक्स' (१९८७) या रचनेशी असलेल्या त्याच्या साम्याची चर्चा झाली आणि सिंग यांना ॲसिड हाउस या नृत्यसंगीत प्रकाराचे आद्य प्रवर्तक म्हटले जाऊ लागले. मात्र शिकागोतील कलावंतांनी हा अल्बम ऐकल्याचा पुरावा नाही. टीबी-३०३ हे वाद्य दोन्हीकडे समान आहे.