शिवाशिवी

शिवाशिवी : पाठलाग करून गड्यास शिवण्याचा, कोणतेही साधन न लागणारा मैदानी खेळ. यास ‘पाठशिवणी’ असेही म्हणतात. तळहात उपडे-उताणे टाकून गडी एकेक करून ‘सुटतात’ व उरलेल्यावर ‘राज्य’ येते. तो ज्यास शिवेल, त्याच्यावर ते राज्य जाते. येथे कोणी कायमचा बाद होत नाही. पळणारा क्षणात पाठलाग करणारा बनतो. खेळाचे आकर्षण मुख्यतः या पालटात आहे.

पाठलागाचे खेळ प्राचीन आहेत. ग्रीक कोशकार पॉलक्स (दुसरे शतक) याने वर्णिलेल्या एका खेळात, एका बाजूने काळी केलेली खापरी उडवून कोणत्या पक्षाने पळावयाचे ते ठरे. महाराष्ट्रात पाठलागाच्याच तत्त्वावरील खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये तयार केले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले.

वयानुसार खेळाचे नियम सैल वा कडक होतात. लहानग्यास ‘कच्चा लिंबू’ ठरवून त्याच्यावर राज्य देत नाहीत. दमलेला गडी ‘टॅम्प्लीज’ म्हणून क्षणभर थांबतो. मोठी मुले साखळी, विषामृत असे अवघड प्रकार खेळतात. सहली व शिबिरांतून प्रौढही त्यांत रमतात.

जागेनुसारही खेळ बदलतो. मुंबईहून आगगाडी १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणास पोहोचली. पुढे उपनगरी वाहतुकीमुळे या परिसरात व डोंबिवलीत दाट वस्ती झाली. ठाणे (१९८२) व कल्याण (१९८३) येथे महानगरपालिका स्थापन झाल्या. वाड्यांची व चाळींची अंगणे जाऊन तेथे इमारती आल्या. मुलांनी तळमजल्यावरील खांबांत खांबखांबोळी मांडली. ओटे व पायऱ्या ‘डोंगर’ आणि फरशी ‘पाणी’ मानून ‘डोंगर-पाणी’ चालू ठेवले. मात्र तेथे वाहने उभी राहू लागल्यावर पळण्यास वाट उरत नाही. त्यामुळे ठाण्याचे सेंट्रल मैदान, कल्याणचे सुभाष मैदान, डोंबिवलीचे भागशाळा मैदान अशा मोकळ्या जागांचे महत्त्व वाढले आहे; परंतु लहान मुलास एकट्याने जाता येईल असे घराजवळचे अंगण त्यांनी भरून निघत नाही. या खेळास पैसा, साहित्य वा प्रशिक्षक लागत नाही. पळण्यापुरती जमीन मात्र लागतेच.