बहात्तरची विहीर

आमचं गाव लातूर-नांदेड रस्त्याच्या आतल्या अंगाला, अहमदपूर आणि लोहा तालुक्यांच्या शिवेजवळ. बालाघाटची माळरानं. वर हात-दीड हात माती, खाली मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. पाणी त्या पाषाणाच्या फटीत राहतं. जेवढं मुरेल तेवढंच.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. आधीचं सालही कोरडंच गेलेलं. ज्वारी हाती लागली नाही. सरकारनं कामं काढली, आई-बाप खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. मिलोची भाकर थापताना तुटायची. पण आमच्या चाळीस फूट विहिरीला पिण्यापुरतं पाणी होतं. निम्मं गाव तिच्यावर भरायचं. बापानं कुणाला नाही म्हटलं नाही. म्हणायचा, "पाणी काय आपण पेरलंय व्हय?"

बहात्तरला दाणा नव्हता, पाणी होतं. २०१६ ला रेशनला गहू-तांदूळ होता, पाणी नव्हतं. हे उलटं कसं झालं, याचा हिशेब मला माझ्याच शेतात सापडतो.

बहात्तरनंतर हळूहळू बोअरच्या गाड्या आल्या, वीज आली. लातूरकडं साखर कारखाने झाले आणि ऊस आला. ज्वारी मागं पडली, पुढं सोयाबीन आलं. मीही दोन एकर ऊस लावला. पहिल्या बोअरला १८० फुटांवर पाणी लागलं. ते आटलं, दुसरं ३०० फूट घेतलं. तिसरं ६०० फूट. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरची, म्हणजे दोनशे फुटांची मर्यादा आहे. मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. तिसऱ्या बोअरनंतर विहीर आटली. बाप तेव्हा थकला होता. काठीच्या आधारानं विहिरीवर आला, आत खडा टाकला. खडा खडकावर वाजला. बाप काही बोलला नाही, माघारी फिरला. ते न बोलणं मला अजून ऐकू येतं.

पुढं २०१४ आणि २०१५, दोन्ही पावसाळे हुकले. लातूर शहर ज्याच्यावर पाणी पितं, ते धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागी गर्दी होऊ नये म्हणून शहरात १४४ कलम लागलं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. माझी लेक लातूरला दिलेली. तिच्याकडं जाताना माळवं न्यायचं सोडून मी पाण्याचे दोन कॅन नेले. लेक खुश झाली. ते पाणी सहाशे फुटी बोअरचं होतं, हे तिला सांगितलं नाही.

गंमत अशी, की त्याच वर्षी परतीच्या पावसानं मांजरा भरलं.

पाऊस कमी झाला असं नुसतं म्हणता येत नाही. त्याची चाल बदलली. पूर्वी मृगावर पेरणी व्हायची, श्रावणात आठ-आठ दिवस झड लागायची. झडीचं पाणी मुरतं. आता वीस-पंचवीस दिवस खंड पडतो आणि मग एका रात्रीत ओढे फुटतात. जाणकार सांगतात, हवा एक अंशानं तापली की सातेक टक्के जास्त वाफ धरते. सोडते तेव्हा एकदम सोडते. २०२१ च्या सप्टेंबरात मांजराचे दरवाजे उघडले, काठची शेतं पाण्याखाली गेली. आमच्याही सोयाबीनला शेंगेतच मोड आले. तेव्हा विहीर काठोकाठ भरली. होळीला बघितलं तर तळ दिसत होता.

मग मी ऊस मोडला. तिसऱ्या बोअरची मोटार काढून ठेवली. बांधाचं पाणी दगड-वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडलं. आता एप्रिलपर्यंत परसभर पाणी राहतं. मे महिन्यात आटतं, कारण आजूबाजूची बोअर चालूच आहेत. त्यांना काय बोलू? त्यांना बोअरची गाडी कुठून आणायची ते मीच दाखवलं होतं.

नातू विचारतो, आजा, पाऊस असा का झाला? जगाचा धूर, जगाची उष्णता, हे त्याला शाळेत सांगतात, ते खरंच आहे. पण ते सहाशे फुटांचं भोक जगानं नाही पाडलं. ते मी पाडलं, रोख पैसे मोजून.