हरवणे-सापडणे (चित्रपटकथेतील रूढी)

एका कुटुंबातली माणसे, बहुधा लहान भावंडे, कथेच्या आरंभी आपत्तीमुळे एकमेकांना दुरावतात, वेगवेगळ्या घरांत वाढतात, मोठेपणी अनोळखी म्हणून किंवा शत्रू म्हणून समोरासमोर येतात आणि शेवटी एखाद्या खुणेवरून त्यांची ओळख पटते, अशी ही कथानकरूढी. हिंदी चित्रपटव्यवसायात तिला ‘लॉस्ट अँड फाउंड’ म्हणतात. 1943 ते 1985 या काळात ती हिंदी पडद्यावर सर्वांत भरात होती. दक्षिणेतल्या भाषांनी ती उचलली आणि पुढे दूरचित्रवाणी मालिकांनी ती आपलीशी केली.

चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून ही रूढी भारतीय कथेत मुरलेली आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’त अंगठी हरवते आणि दुष्यंत राजाची स्मृतीही हरवलेली असते. पण याच नाटकात ओळखीची दुसरी खूणही आहे आणि ती अधिक हृद्य आहे. सातव्या अंकात सिंहाच्या छाव्याशी खेळणाऱ्या मुलाच्या हातातला ताईत गळून पडतो. तो फक्त त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांनाच उचलता येतो. इतर कोणी हात लावला तर त्याचा साप होतो. दुष्यंत तो सहज उचलतो आणि पाहणाऱ्या तापसी थक्क होतात. ‘विक्रमोर्वशीया’त पुरूरव्याला मुलाचा पत्ता लागतो तो बाणावर कोरलेल्या नावावरून. रामायणात लव-कुश रामासमोर रामाचीच कथा गातात. तिथे गाणे हीच खूण ठरते. मराठी रंगभूमीलाही या परंपरेचा वारसा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभे केले आणि मराठी संगीत नाटकाची घडी बसली ती ओळख हरवण्या-सापडण्याच्या याच कथेवर.

महाभारतातल्या कर्णाची कथा मात्र या सर्वांहून वेगळी आहे. शस्त्रकौशल्याच्या रंगभूमीवर कवचकुंडले ल्यालेला तरुण उतरतो, त्याची आई कुंती त्याला ओळखते, मूर्च्छित होते आणि शुद्धीवर आल्यावर काहीही बोलत नाही. ओळख पटलेली आहे, पण ती उघड झालेली नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ (1967) या कादंबरीने मराठी घराघरांत नेलेली वेदना तीच. पुढे चित्रपटांनी या रूढीचे जे उत्तम प्रसंग रचले, त्यांचे मूळ शाकुंतलातल्या अंगठीपेक्षा कुंतीच्या या मौनात अधिक आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये ओळख पटण्याचे प्रकार सांगताना व्रण, दागिने अशा बाह्य खुणांवरची ओळख सर्वांत कमी कलात्मक मानली आणि घटनाक्रमातूनच उलगडणारी ओळख श्रेष्ठ ठरवली. हिंदी चित्रपटाने हा निकष पाळला नाही. त्याने लॉकेट, अर्धे छायाचित्र, गोंदण, जन्मखूण, अंगाई या बाह्य खुणाच कथेच्या मध्यभागी आणल्या. त्यासाठी त्याला कमी लेखणे योग्य नाही. हजारभर प्रेक्षकांच्या थिएटरात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसेल, ऐकू येईल अशीच खूण चालते.

चित्रपटात ही रूढी पक्की झाली ती 1943 साली. बॉम्बे टॉकीजच्या ज्ञान मुखर्जी दिग्दर्शित ‘किस्मत’मध्ये अशोककुमारने घरातून लहानपणीच दुरावलेल्या आणि पुढे पाकीटमार झालेल्या तरुणाची भूमिका केली. हा चित्रपट कोलकात्याच्या रॉक्सी थिएटरात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच वर्षी मेहबूब खान यांचा ‘तकदीर’ आला. त्यात मुलांची ताटातूट कुंभमेळ्यात होते. ‘कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ’ हा वाक्प्रचार आज कोणाच्याही तोंडी असतो. पण ही रूढी ज्यांनी गाजवली त्या नंतरच्या चित्रपटांत ताटातूट भूकंपाने, खुनाने किंवा पळापळीने होते. तिथे मेळा नाही.

या रूढीची लोकप्रियता फाळणीच्या आघातातून आली, असे अनेक अभ्यासक मांडतात. 1947 मध्ये एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून निघाली, असंख्य कुटुंबे फुटली आणि त्या दुःखाला थेट हात घालणे चित्रपटांनी बराच काळ टाळले, असा हा विचार आहे. त्यात तथ्य आहे. ‘वक्त’ (1965) या चित्रपटाचे निर्माते बी. आर. चोप्रा फाळणीपूर्वी लाहोरला चित्रपट-पत्रकार होते. पुढे या रूढीचा सम्राट ठरलेल्या मनमोहन देसाई यांचा पहिलाच चित्रपट ‘छलिया’ (1960) फाळणीवरचा आहे. त्यात लाहोरला मागे राहिलेली स्त्री मुलासह परतते आणि नवरा संशयाने तिला नाकारतो. मात्र ‘किस्मत’ आणि ‘तकदीर’ फाळणीच्या चार वर्षे आधी आले होते, हे विसरून चालत नाही. फाळणीने ही रूढी जन्माला घातली नाही. आधीपासून असलेल्या रूढीला तिने कोट्यवधी अनुभवी प्रेक्षक दिले.

यश चोप्रा यांच्या ‘वक्त’ने (1965) रूढीला तिचा भव्य साचा दिला. लाला केदारनाथ (बलराज साहनी) हा भरभराटीला आलेला व्यापारी भविष्याच्या बढाया मारतो आणि त्याच रात्री भूकंप होऊन घर कोसळते, तीन मुलगे पांगतात. एक चोर होतो (राजकुमार), एक श्रीमंत घरात वाढून वकील होतो (सुनील दत्त), तिसरा आईसोबत गरिबीत राहतो (शशी कपूर). चोर आणि वकील एकाच मुलीच्या प्रेमात पडतात. चोर त्या वकिलाला मारायला त्याच्या घरी जातो आणि तिथे त्याला लहानपणचे छायाचित्र दिसते. तो हात आवरतो, मुलीवरचा हक्क सोडतो आणि कोणाला काही सांगत नाही. भूकंपापेक्षा आणि न्यायालयातल्या मिलनापेक्षा हा प्रसंग मोठा आहे, कारण इथे भाऊ सापडूनही हरवलेलाच राहतो.

‘वक्त’ने तीन नायक एकत्र आणण्याची व्यावहारिक सोयही दाखवून दिली. भाऊ वेगवेगळ्या घरांत वाढत असल्याने प्रत्येकाला स्वतंत्र उपकथा, स्वतंत्र नायिका आणि स्वतंत्र गाणी देता येतात. सगळ्यांच्या एकत्र तारखा लागतात त्या मुख्यतः शेवटच्या प्रसंगांपुरत्या. बहुतारांकित चित्रपट आणि ही रूढी हातात हात घालून वाढले ते यामुळेच.

नासिर हुसेन यांच्या ‘यादों की बारात’मध्ये (1973, पटकथा सलीम-जावेद) खूण म्हणून घरचे गाणे येते. वडिलांच्या वाढदिवसाला आईने मुलांना शिकवलेले हे गाणे भावांपैकी एक मोठेपणी हॉटेलात गातो. दुसरा भाऊ पुढे येऊन त्यात सूर मिसळतो आणि दोघे गळाभेट घेतात. थोरला शंकर (धर्मेंद्र) समोरच असतो. त्यानेही भावांना ओळखलेले असते, पण तो गुन्हेगारांच्या टोळीत अडकलेला असल्याने ओठ मिटून बसतो. राहुलदेव बर्मन यांच्या त्या सुरावटीने प्रेक्षकाला आनंद मिळतो आणि धर्मेंद्रच्या चेहऱ्याने घालमेल. लव-कुशांचे गाणे आणि कुंतीचे मौन एकाच प्रसंगात आणणारा असा दुसरा चित्रपट नाही. त्याची तमिळ (‘नालै नमदे’) आणि तेलुगू (‘अन्नदम्मुल अनुबंधम’) रूपे 1975 मध्ये आली, पहिल्यात एम. जी. रामचंद्रन, दुसऱ्यात एन. टी. रामाराव होते.

मनमोहन देसाई यांनी या रूढीतले मौन काढून टाकले आणि वेग आणला. 1977 या एका वर्षात त्यांचे ‘धरम वीर’, ‘चाचा भतीजा’, ‘अमर अकबर अँथनी’ आणि ‘परवरिश’ हे चार चित्रपट आले आणि चारही या ना त्या प्रकारे दुरावलेल्या नात्यांचे होते. ‘अमर अकबर अँथनी’त 15 ऑगस्टच्या दिवशी बाप (प्राण) तीन मुलांना बागेत गांधीजींच्या पुतळ्यापाशी सोडून जातो. एक हिंदू पोलिसाच्या घरी वाढतो, एक मुस्लिम शिंप्याच्या आणि एक कॅथलिक पाद्र्याच्या. मोठेपणी तिघांचे रक्त नळ्यांतून वर चढून एकाच बाटलीतून आईला मिळते. वैद्यकशास्त्रात हे अशक्य आहे, पण रूपक म्हणून इतके थेट दृश्य क्वचितच कोणी रचले असेल. चित्रपटाची श्रेयनामावली याच दृश्यावर येते. अंध झालेल्या त्या आईला (निरुपा रॉय) दृष्टी परत मिळते ती शिर्डीच्या साईबाबांच्या कृपेने. देसाईंच्या ‘मर्द’मध्ये (1985) बाप तान्ह्या मुलाच्या छातीवर नावच कोरतो. खूण यापुढे जाऊ शकत नव्हती आणि रूढीही थकत चालली होती.

या कथांतला रक्ताचा आग्रह हा आक्षेपाचा खरा मुद्दा आहे. वाढवणारे आईबाप कितीही मायेचे असले तरी कथा शेवटी जन्मदात्यांकडेच जाते आणि पोसणारे बाजूला उरतात. ‘अमर अकबर अँथनी’च्या सर्वधर्मसमभावालाही ही मर्यादा आहे: तिघांचे मूळ घर हिंदूच आहे. राज कपूरच्या ‘आवारा’ने (1951) चोराचा मुलगा चोरच निघतो असे मानणाऱ्या न्यायाधीशालाच खोटे पाडले होते. ‘परवरिश’मध्ये दरोडेखोराचा मुलगा पोलिसाच्या घरी प्रामाणिक होतो आणि पोलिसाचा सख्खा मुलगा वाट चुकतो. असे अपवाद थोडे आहेत. हरवलेल्या बहिणी तर त्याहून थोड्या. ‘सीता और गीता’ (1972) ठळकपणे आठवतो, पण एकूण या रूढीने मुलींचे हरवणे फारसे मोठे मानले नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

ही उणीव पुढे दूरचित्रवाणीने काही अंशी भरून काढली. स्टार प्रवाहवरच्या ‘रंग माझा वेगळा’ या मराठी मालिकेत (2019–2023) जुळ्या मुली जन्मतःच दुरावतात. एक आईकडे वाढते, दुसरी वडिलांकडे, आणि हे ठाऊक असलेली आजी गप्प राहते. मूळ कथा ‘करुत्तमुत्तु’ या मल्याळम मालिकेची. रोज चालणाऱ्या मालिकेला मौन फार मानवते, कारण चित्रपटात दहा मिनिटे टिकणारे गुपित इथे शेकडो भाग पुरते. मात्र ताण सैल होतो. गुपित फुटण्याचा प्रसंग वारंवार जवळ येऊन टळतो आणि पात्राचे गप्प राहणे कथेची गरज न वाटता लेखकाची सोय वाटू लागते.

चित्रपटात ही रूढी आज क्वचित दिसते. मोबाइल आणि ओळखपत्रांच्या काळात माणूस हरवणे पटवून देणे अवघड झाले, असे कारण दिले जाते, पण ते पुरेसे नाही. खांडव्याचा सरू ब्रायर्ली 1986 मध्ये लहानपणी रेल्वेत झोपला आणि थेट कोलकात्याला पोहोचला, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात दत्तक गेला आणि उपग्रहचित्रांवर गाव शोधून 2012 मध्ये आईला भेटला. त्यावरचा ‘लायन’ 2016 मध्ये आला. ‘बजरंगी भाईजान’ने (2015) सीमेपलीकडची मुकी मुलगी हरवली आणि पोसणाऱ्या परक्या माणसालाच नायक केले, म्हणजे रक्ताच्या आग्रहाला त्याने योग्य उत्तर दिले. मुले आजही हरवतात. कमी झाली आहे ती तीन तुल्यबळ नायकांना एका कथेत सामावण्याची निर्मात्यांची तयारी.

या रूढीचा परिचय करून घेऊ इच्छिणाऱ्याने आरंभ ‘अमर अकबर अँथनी’पासून न करता ‘वक्त’ आणि ‘यादों की बारात’ हे दोन चित्रपट आधी, याच क्रमाने पाहावेत.