छोटा बुलडोझर वळत का नाही? जुन्या यंत्रांच्या बिघाडांमागचा इतिहास

१/
५ मार्च १९४४ ची रात्र. आसाममधील लालाघाट येथून दोराने ओढून नेलेली ग्लायडर विमाने ब्रह्मदेशात, जपानी फळीच्या मागे, रानातल्या एका मोकळ्या जागेत उतरू लागली. या जागेचे सांकेतिक नाव होते ‘ब्रॉडवे’. सैनिकांबरोबर ग्लायडरमधून छोटे बुलडोझरही आले होते. क्लार्क कंपनीने ते खास हवाई वाहतुकीसाठी बनवले होते. दुसऱ्याच रात्री तेथे डकोटा विमाने उतरू लागली.

२/
त्याच मोहिमेत ‘चौरंगी’ नावाच्या दुसऱ्या जागी बुलडोझर घेऊन आलेले ग्लायडर कोसळले. दुसरे यंत्र येईपर्यंत तिथली धावपट्टी रखडली. एका छोट्या यंत्राच्या असण्यानसण्यावर किती गोष्टी अवलंबून होत्या, हे त्या दोन रात्रींनी दाखवून दिले. या घराण्यातली जुनी यंत्रे आजही अमेरिकेतील शेतांवर आणि रानवाटांवर राबताना दिसतात. त्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: वळत नाही, सुरू होत नाही, चेन उतरते, ब्लेड खाली बसते. या प्रत्येक तक्रारीमागे त्या काळच्या अभियंत्यांनी घेतलेला एखादा निर्णय असतो. तो ठाऊक नसला, तर दुरुस्ती भलत्याच जागी होते.

३/
प्रारंभ कॅलिफोर्नियात झाला. स्टॉकटनजवळच्या खाडीप्रदेशातील भुसभुशीत जमिनीत अवजड वाफेची इंजिने रुतत. बेंजामिन होल्ट यांनी चाके काढून त्या जागी लाकडी फळ्या जडवलेल्या साखळ्या बसवल्या आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्यांची चाचणी घेतली. भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला गेला आणि यंत्र रुतायचे थांबले. इंग्लंडमध्ये हॉर्न्सबी कंपनीचे डेव्हिड रॉबर्ट्स त्याच सुमारास याच प्रश्नावर काम करत होते. मात्र साखळीने एक प्रश्न सोडवताना दुसरा उभा केला. चाक तिरपे करता येते. जमिनीला घट्ट चिकटलेली लांब साखळी तिरपी कशी करणार?

४/
उत्तर असे निघाले, की एका बाजूच्या साखळीची गती कमी करावी आणि दुसरीची चालू ठेवावी. हे साधण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. पहिली स्टिअरिंग क्लचची. प्रत्येक साखळीसाठी स्वतंत्र क्लच असतो. त्यात पोलादी आणि घर्षण-अस्तराच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असून स्प्रिंग त्यांना दाबून धरतात. डावा लिव्हर ओढला की डाव्या चकत्या सुटतात, डाव्या साखळीची शक्ती तुटते, उजवी ढकलत राहते आणि यंत्र डावीकडे वळते. कॅटरपिलर, इंटरनॅशनल आणि जॉन डिअर यांच्या कितीतरी छोट्या यंत्रांत हीच योजना होती.

५/
या क्लचचा कप्पा बहुधा कोरडा ठेवलेला असे आणि तिथेच त्याच्या आजाराचे मूळ आहे. यंत्र वर्षानुवर्षे उघड्यावर उभे राहिले की आतली हवा दमट होते, चकत्यांवर गंज चढतो आणि त्या एकमेकींना चिकटतात. मग लिव्हर कितीही ओढला तरी यंत्र सरळच जाते. याच्या नेमका उलटा आजारही असतो. शेजारच्या गिअरपेटीचा किंवा फायनल ड्राइव्हचा ऑइल सील गळू लागला की चकत्या तेलाने माखतात आणि घसरतात. अशा वेळी जोर लागताच एक साखळी थांबते, इंजिन मात्र विनासायास फिरत राहते.

६/
दोन्ही आजारांत तक्रार एकच ऐकू येते: ‘नीट वळत नाही.’ म्हणून जाणता मिस्त्री आधी लिव्हरची मोकळी चाल तपासतो. पुष्कळदा दोष केवळ जोडदांड्यांच्या समायोजनात असतो. पुढे कप्प्याच्या तळाशी निचऱ्याचे बूच असल्यास तो ते उघडतो. पाणी आले तर गंजाचा संशय, तेल आले तर सीलचा. एवढ्या साध्या परीक्षेने दिवसभराची खोलाखोली वाचते. तेलकट चकत्या धुऊन पुन्हा बसवल्या तर काही दिवस बरे वाटते. सील बदलला नसेल तर तक्रार परत येते.

७/
गंजून चिकटलेल्या चकत्यांसाठी जुना उपाय असा: इंजिन तापवावे, मोकळ्या सपाट मैदानात लिव्हर पूर्ण ओढून धरावा आणि त्या बाजूचा ब्रेक दाबून यंत्राला पुढे-मागे छोटे हिसके द्यावेत. चकत्या सुटल्या तर ठीक. न सुटल्यास हट्ट सोडून झाकण उघडावे आणि चकत्या हाताने मोकळ्या कराव्यात. मैदान सपाटच हवे, उतार चालणार नाही. त्याचे कारण या क्लचच्या स्वभावात आहे.

८/
सपाट जमिनीवर इंजिन साखळ्यांना ढकलते. तीव्र उतारावर यंत्राचे वजनच पुढे ढकलू लागते आणि इंजिन दोन्ही साखळ्यांना मागे रोखून धरते. अशा वेळी केवळ डावा लिव्हर ओढला तर डावी साखळी मोकळी होऊन वेगाने धावते, उजवी इंजिनने रोखलेली राहते आणि यंत्र उजवीकडे वळते. चालकाला हवी असते त्याच्या नेमकी उलट दिशा! लिव्हरबरोबर ब्रेकही दाबला तरच यंत्र आज्ञा पाळते. म्हणून या यंत्रांत ब्रेक झिजलेला असताना उतारावर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. क्लच दुरुस्त करताना ब्रेकची पट्टी तपासणे हा कामाचाच भाग ठरतो.

९/
दुसरी रीत क्लीव्हलंडची. रोलिन व्हाइट यांच्या कंपनीने १९१६ पासून बनवलेल्या, पुढे ‘क्लेट्रॅक’ नावाने ओळखल्या गेलेल्या यंत्रांत स्टिअरिंग क्लच नव्हताच. त्याऐवजी नियंत्रित डिफरन्शियल होते. एका बाजूचा ब्रेक ओढला की ती साखळी मंदावते आणि दुसरी तितकीच वेगावते. शक्ती मात्र दोन्हींना मिळत राहते. १९४४ मध्ये ही कंपनी ऑलिव्हरकडे गेली आणि ऑलिव्हरच्या छोट्या यंत्रांतही हीच रचना आली. अशा यंत्राने वळायला नकार दिला, तर ‘क्लच जाम झाला’ हे निदान मुळातच चुकीचे असते. तिथे पाहायचे ते ब्रेकच्या पट्ट्यांची झीज आणि त्यांचे समायोजन.

१०/
आता सुरू न होण्याची तक्रार. कॅटरपिलरने १९३१ मध्ये डिझेल ट्रॅक्टर बाजारात आणला. डिझेल इंजिन ठिणगीवर पेटत नाही. दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटते. थंडीत जड इंजिन फिरवण्याइतकी ताकद त्या काळच्या बॅटरीत नव्हती. म्हणून मोठ्या इंजिनाशेजारी एक छोटे पेट्रोल इंजिन बसवले गेले. १९३८ मध्ये आलेल्या छोट्या ‘डी-२’ मध्येही ते होते. त्याला चालक ‘पोनी’, म्हणजे तट्टू, म्हणत.

११/
हे तट्टू केवळ धक्का देत नसे. दोन्ही इंजिनांचे थंड करणारे पाणी एकच होते आणि तट्टूचा गरम धूर मोठ्या इंजिनाच्या हवेच्या वाटेजवळून नेलेला होता. त्यामुळे मुख्य इंजिन फिरता फिरता तापत असे आणि पेटण्याआधी त्याच्या बेअरिंगपर्यंत तेलही पोचत असे. पुढे काही मालकांनी तट्टूच्या कटकटीला कंटाळून ते काढले आणि विजेचा स्टार्टर लावला. मग थंड सकाळी इंजिन पांढरा धूर ओकते, आणि दोष डिझेल पंपावर जातो. खरे तर हरवलेली असते ती ऊब. तट्टू रुसले तर बहुधा शिळ्या पेट्रोलने चोंदलेला कार्ब्युरेटर किंवा मंदावलेला मॅग्नेटो कारणीभूत असतो.

१२/
इंटरनॅशनल कंपनीने निराळी वाट धरली. तिच्या ‘टीडी-६’ सारख्या यंत्रांत एकच इंजिन आधी पेट्रोलवर सुरू होई. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरला जादा झडप, जादा पोकळी आणि स्पार्क प्लग दिलेला असे. थोडे तापले की ते डिझेलवर जाई आणि ती झडप बंद होई. झडप पूर्ण बसली नाही तर दाब गळतो आणि पेट्रोलवर छान चालणारे इंजिन डिझेलवर जाताच अडखळते. ही खूण ओळखणारा पंप खोलण्यापूर्वी झडपेकडे वळतो. इतक्या गुंतागुंतीच्या सिलिंडर-हेडला तडे जाणे, हा या घराण्याचा ठाऊक असलेला दोष आहे.

१३/
चेनचे दुखणे सर्वांचे समान. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश असतात. माती आणि वाळू त्यांना घासते, प्रत्येक सांधा थोडा सैल होतो आणि चेन लांबते. लांबलेली चेन स्प्रॉकेटच्या दातांशी जुळत नाही, म्हणून दातही झिजतात. झीज एकाच बाजूला होत असल्याने पिन-बुश अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवण्याची प्रथा पडली. त्यामुळे चेनला दुसरे आयुष्य मिळते. उतरणारी चेन ताणून घट्ट करण्याचा मोह मात्र महागात पडतो, कारण अतिताणाने झीज वाढते. पुढच्या आयडलरमागची स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते. योग्य साधनाशिवाय तिला हात लावणे जीवघेणे ठरू शकते.

१४/
ब्लेड पूर्वी बऱ्याचदा तारेच्या दोराने उचलले जाई. छोट्या यंत्रांत पुढे हायड्रॉलिक रीत स्थिरावली. उचललेले ब्लेड आपोआप खाली येत असेल तर तेल कोठून तरी निसटते आहे: सिलिंडरच्या पॅकिंगमधून, नियंत्रण झडपेतून किंवा नळीतून. बाहेर थेंब दिसला नाही, म्हणून गळती नाही असे नव्हे. ती आतल्या आतही असते. तपासणी कोणतीही असो, ब्लेड जमिनीवर टेकवल्याशिवाय किंवा भक्कम ठोकळ्यांवर ठेवल्याशिवाय त्याखाली जायचे नाही.

१५/
या साऱ्याचा भारताशीही संबंध आला. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर दुरुस्त करून केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने कांस गवताने ग्रासलेल्या जमिनी मोडायला घेतल्या. ते ट्रॅक्टर आकाराने मोठे होते, पण घराणे हेच. १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्यामागेही कांस निर्मूलनाचे हेच काम होते. अन्नटंचाईच्या त्या वर्षांत किती जमीन नांगराखाली येणार, हे काही अंशी कार्यशाळेतल्या फिटरच्या हातात होते.

१६/
म्हणूनच जुन्या यंत्राजवळ गेल्यावर पाना उचलण्याआधी क्रमांकाची पट्टी वाचावी लागते. ‘डी-२’ हे नाव एकच. पण सुरुवातीच्या यंत्रांत ‘३जे’ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे दोन साखळ्यांत ४० इंच अंतर, तर ‘५जे’ म्हणजे ५० इंच. नाव सारखे असले तरी काही सुटे भाग जुळत नाहीत. अशी पुष्कळ यंत्रे भंगारात जातात, ती लोखंड संपले म्हणून नव्हे. निदान चुकते, भलता भाग मागवला जातो, पैसा संपतो आणि मालकाचा धीरही. पट्टीवरचा गंज घासून अक्षरे वाचायला पाच मिनिटे लागतात. दुरुस्तीचे पहिले काम तेच.