ओरादूर, शनिवार 10 जून 1944

5 जून. दक्षिण फ्रान्समध्ये मोंतोबाँ शहराच्या आसपास ‘दास राइख’ या एसएस रणगाडा डिव्हिजनचा तळ आहे. तिचा सेनापती हाइन्त्स लामरडिंग वरिष्ठांना टिपण पाठवतो : जखमी होणाऱ्या दर जर्मनामागे 3 आणि मरणाऱ्यामागे 10 जणांना फाशी द्यावी. दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरायला अजून एक दिवस आहे. पुढे जे घडलं त्याला संतापाचा भडका म्हणणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. लामरडिंग पूर्व आघाडीवरच्या छापामारविरोधी मोहिमांतून आला होता. तिथे अख्खी गावं जाळणं हीच रीत होती.

9 जून. डिव्हिजन उत्तरेकडे सरकते आहे. त्यूल गावात 99 पुरुषांना सज्जांवरून आणि दिव्यांच्या खांबांवरून फासावर लटकवलं जातं. संध्याकाळी हेल्मुट केम्फं हा बटालियनप्रमुख फ्रेंच छापामारांच्या हाती सापडतो.

10 जून, सकाळ. त्याच रेजिमेंटमधला दुसरा बटालियनप्रमुख आडोल्फ डिकमान सँ-ज्युनियाँ गावात गेस्टापो आणि जर्मनांना साथ देणाऱ्या फ्रेंच मिलिसच्या माणसांबरोबर बैठक घेतो. मागदेबुर्गचा हा अधिकारी 29 वर्षांचा आहे.

दुपारी 2. डिकमानचे सुमारे 150 सैनिक ओरादूर-सूर-ग्लानला वेढा घालतात. तंबाखूचं रेशन मिळायचा दिवस, म्हणून आसपासच्या वाड्यांतले पुरुषही गावात आले आहेत. शाळा भरलेल्या आहेत. लोरेनमधून हाकललेली कुटुंबं आणि स्पेनमधले निर्वासितही इथे आसऱ्याला आहेत. गावचा दवंडीवाला ढोल वाजवत फिरतो : सर्वांनी बाजाराच्या मैदानात जमावं. लोरेनच्या शाळेतला रोजे गोद्फ्रँ जर्मन सैनिक कसे असतात ते जाणतो. तो मागच्या बाजूने पळतो. शाळकरी मुलांपैकी तो एकटाच वाचला.

3 वाजता. बायका-मुलांना वेगळं काढून चर्चकडे नेतात. अधिकारी ओलीस मागतो, तेव्हा मेयर डॉक्टर देसूर्तो स्वतःचं आणि आपल्या मुलांचं नाव पुढे करतात. लपवलेली शस्त्रं शोधायची आहेत असं सांगून पुरुषांना कोठारं, गॅरेज अशा सहा ठिकाणी विभागतात. लोदींच्या कोठारापुढच्या गाड्या हलवायला त्या पुरुषांनाच लावतात. मग मशीनगना मांडल्या जातात. मला या दुपारचा सगळ्यांत भयंकर भाग हाच वाटतो. कोठारांत अजून गोळी सुटलेली नाही, कोणी प्रतिकार केलेला नाही, आणि थांबायला वेळ भरपूर आहे. थांबवू शकणारा माणूस, डिकमान, हाही गावातच आहे.

4 वाजता. इशारा होतो, सगळीकडे एकदम गोळीबार सुरू होतो. पाय लक्ष्य करून गोळ्या झाडतात, वर गवत-काटक्या टाकून आग लावतात. लोदींच्या कोठारातून पाच जण निसटतात. त्यांत रोबेर एब्रास नावाचा तरुण आहे.

5 वाजता. चर्चमध्ये ठेवलेली पेटी फुटते, काळा गुदमरवणारा धूर पसरतो. मग गोळ्या, हातबॉम्ब आणि आग. आत चारशेहून अधिक बायका-मुलं आहेत. मार्गरीत रूफाँश वेदीमागच्या खिडकीतून उडी घेतात, जखमी होतात आणि मटारच्या वाफ्यांत लपतात. तिथे त्या दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहिल्या. नवरा, मुलगा, दोन मुली आणि सात महिन्यांचा नातू त्यांनी गमावला. चर्चमधून जिवंत बाहेर पडलेल्या त्या एकट्याच.

संध्याकाळ. घरं लुटून पेटवली जातात. लिमोजहून आलेली ट्राम वेशीवर अडवतात. बहुतेक सैनिक रात्री निघून जातात.

मृतांचा आकडा 643.

29 जून. खुद्द रेजिमेंटप्रमुख श्टाडलरने डिकमानवर चौकशी सुरू केली होती, पण डिकमान नॉर्मंडीत मारला गेला आणि चौकशी बारगळली. 1953 साली बोर्दोच्या खटल्यात 21 जण उभे होते. त्यांतल्या फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या 14 जणांपैकी जर्मन सैन्यात सक्तीने भरती झालेल्या 13 जणांना फ्रेंच संसदेने आठवड्याभरात माफी दिली. ओरादूरच्या लोकांना ती कधीच मान्य झाली नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. लामरडिंगला 1951मध्ये गैरहजेरीत मृत्युदंड झाला होता. तो पश्चिम जर्मनीत बांधकामाचा व्यवसाय करत राहिला आणि 1971मध्ये मेला. एका पलटणीचा प्रमुख हाइन्त्स बार्थ याला 1983मध्ये पूर्व बर्लिनच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. 1997मध्ये तो सुटला.