हिंगण्याची वर्गणी

शिक्षणसंस्थांच्या इतिहासांत संस्थापकांचीं नांवें ठळकपणें लिहिलीं जातात, आणि मोठ्या देणगीदारांचीं नांवें इमारतींवर कोरलीं जातात. या दोहोंच्या मध्यें घरोघर हिंडून जो वर्गणी गोळा करतो, त्याच्या वांट्यास बहुधा पावतीवरील सही तेवढी येते. पार्वतीबाई आठवले यांच्या आयुष्याचा मोठा भाग याच कामांत गेला.

अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यास विधवांसाठीं आश्रम स्थापिला, आणि १९०० सालीं तो शहराबाहेर हिंगणें येथें एका साध्या झोपडींत गेला. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून अण्णासाहेब रोज पायीं तेथें जात, आणि सुट्या लागल्या कीं वर्गणीसाठीं परगांवीं निघत. परंतु १८९३ सालीं त्यांनीं स्वतः एका विधवेशीं विवाह केला होता. आश्रमास पैसा दिला तर पुनर्विवाहास हातभार लागेल, अशी शंका जुन्या वळणाच्या माणसांस येणें साहजिक होतें.

पार्वतीबाई या त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या भगिनी. जन्म १८७० सालचा. विशीच्या सुमारास वैधव्य आलें, पदरीं लहान मुलगा, आणि अक्षरओळखही नव्हती. पंचविशी उलटल्यावर त्यांनीं पाटी हातीं घेतली. आश्रमांत शिकून त्या आश्रमाचेंच काम पाहूं लागल्या, आणि पुढें वर्गणीसाठीं बाहेर पडल्या.

त्या वेळीं त्या केशवपन केलेल्या, सोवळ्या वेषांतल्या होत्या. जेथें सुधारकास ओसरीवरून परतावें लागलें असतें, तेथें अशा बाईस माजघरापर्यंत जाणें शक्य होतें. शिकलेली विधवा बिघडते काय, या प्रश्नाचें उत्तर छापील अहवालांत शोधण्याची गरज नव्हती. तें उत्तर समोर बसून बोलत होतें. संस्थेच्या माजी विद्यार्थिनीइतकी खात्रीची पावती दात्यास दुसरी कोणती मिळणार?

पुढें केशवपन सोडण्याचा त्यांनीं निश्चय केला, तेव्हां खरी कसोटी आली. ज्या वेषामुळें दारें उघडत, तोच टाकावयाचा होता. नुकसान झालें तर तें एकट्या पार्वतीबाईंचें नव्हतें. आश्रमांतल्या मुलींच्या ताटांतला घांस त्या वर्गणींतून येत होता. तरीही वर्गणीसाठीं मनाविरुद्धचा वेष पांघरणें त्यांनीं नाकारलें. वेष गेला, हिंडणें थांबलें नाहीं.

१९१८ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्या इंग्रजी शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या. तेथें परक्या घरांत घरकाम करून त्यांनीं पोट भरलें, आणि १९२० सालीं त्या परत आल्या. त्याच वर्षीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं, १९१६ सालीं स्थापन झालेल्या महिला विद्यापीठास पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली, आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचें नांव मिळालें.

त्या देणगीचें मोल थोर आहे. परंतु धनिक मनुष्य पंधरा लक्ष देतो तो रिकाम्या माळावर देत नाहीं. जेथें हजारों लहान हातांनीं आधीं विश्वास ठेवला आहे, तेथें देतो. तो विश्वास आण्याआण्यानें जमा करावा लागतो. पार्वतीबाई १९५५ सालीं निवर्तल्या. ‘माझी कहाणी’ हें त्यांचें आत्मचरित्र मात्र मागें राहिलें. हिंगण्याच्या कोणत्याही इमारतीकडे पाहतांना, पायाच्या दगडांत त्यांच्या पायपिटीचाही एक दगड आहे, हें ध्यानांत असावें.