असीरगडची चढण आणि बायकांची विजार

बुऱ्हाणपूरच्या इतिहासावर लिहायला बसलं की कापड टाळता येत नाही. सतराव्या शतकात इथून गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलंय की इथली आरपार दिसणारी मलमल इराण, तुर्कस्तान, मॉस्को, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते. आपल्या मंडळाच्या कितीतरी लेखांत हा उल्लेख आलेला आहे, माझ्याही. पण त्या मलमलीची विजार घालून कुणी असीरगडाच्या कातळाला गुडघा टेकवला तर तिचं काय होईल, असा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. उत्तर सोपं आहे, चिंध्या होतील. म्हणजे ज्या कापडामुळे आपलं शहर जगाला माहीत झालं, ते या लेखाच्या कामाचं नाही. कामाचं आहे ते इथल्या शिंप्यांचं बेतणं. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी विषय कुठून निघाला ते सांगतो. असीरगड शहरापासून साधारण २० किलोमीटर उत्तरेला, खंडव्याच्या रस्त्यावर. फारुकींचा गड, जानेवारी १६०१ मध्ये अकबराकडे गेला, १८१९ मध्ये इंग्रजांकडे. आज बऱ्याच उंचीपर्यंत गाडी जाते, त्यामुळे सहलीला येणाऱ्याला चढण अशी लागतच नाही. पण कमरगड आणि मलयगड हे खालचे टप्पे टेप घेऊन मोजायचे म्हटले, की ढासळलेल्या दरडी, कातळात कसाबसा पाय टेकेल अशा जागा आणि काटेरी झुडपं यांतून जावं लागतं. (संरक्षित वास्तूच्या भिंतींवर चढायचं नाही हा आपला नियम आहेच, मी बोलतोय ते भोवतालच्या कातळाबद्दल.) गेल्या हिवाळ्यात आम्ही असं मोजमाप केलं. नंतर नकाशा पसरून बघितला तर वरच्या टप्प्यांची सगळी मापं आणि रेखाटनं पुरुष सभासदांची. बायका खाली टेपचं टोक धरून. आमच्यात सगळ्यात सुबक रेखाटन करणाऱ्या बाई खाली, आणि वर मी, ज्याला सरळ रेघसुद्धा पट्टीशिवाय जमत नाही. नकाशाचा तो भाग बघितला की कळतं.

धीर कमी पडला असं अजिबात नव्हतं. एकीची सलवार बोरीच्या काट्यात अडकली. दुसरीच्या लेगिंग्जमध्ये पावसाळ्यानंतरची कुसळं अशी घुसली, की ती अर्धा तास दगडावर बसून तीच काढत होती. तिसरीने एका ऑनलाइन दुकानातून खास ‘ट्रेकिंगची’ म्हणून घेतलेली पँट पहिल्याच उंच पावलाला उसवली, आणि तीही नको त्या जागी. मग ओढणी कमरेला बांधून खाली उतरणं आलंच. इंजिनिअर माणसाला असा बिघाड दिसला की चैन पडत नाही. कापड चांगलं होतं, शिवणही दुहेरी होती. मग तुटलं काय?

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या आज्या-पणज्यांकडे होतं. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, त्याला शिवण एकही नाही. काष्टा पायांमधून मागे खोचला की दोन्ही पाय मोकळे. शिवणच नाही तर उसवणार काय? पाय वर गेला की चुण्यांमधलं कापड सरकतं, पाय खाली आला की परत बसतं. शेतात भात लावणारी, होडीतून उतरणारी कोळीण, घोड्यावर बसणारी सरदारघराण्यातली बाई, सगळ्यांना ते चाललं. रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीची गोष्ट आख्यायिका म्हणून बाजूला ठेवू, पण त्या गोष्टीत वेषाची अडचण सांगायची कुणाला गरज वाटली नाही, हे लक्षात घ्या. २०२० मध्ये नाशिकजवळच्या हरिहरच्या खड्या पायऱ्या ६८ वर्षांच्या एक आजी साडी नेसून चढल्या, त्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली.

तरीही दोरावरच्या प्रस्तरारोहणाला नऊवारी नेसा असं मी सांगणार नाही. हार्नेसचे पट्टे मांड्यांभोवती आवळले की चुण्या जागच्या जागी जखडतात, म्हणजे काष्ट्याचा मोठा गुणच गेला. शिवाय सुटा पदर दोराच्या उपकरणात ओढला गेला तर जिवाशी गाठ आहे.

आता युरोपकडे बघू, कारण आज दुकानात मिळणारी क्लाइंबिंग पँट तिकडून आली. तिकडच्या बायकांचं भांडण डोंगराशी कमी आणि स्कर्टशी जास्त होतं. १८३८ मध्ये आंरिएत दांजव्हिल मों ब्लांवर गेली ती चौकड्यांच्या लोकरी विजारीत, पण वरून लांब झगा होताच. १८७१ मध्ये मॅटरहॉर्न चढणारी पहिली स्त्री लूसी वॉकर, ती तर स्कर्टमध्येच. एलिझाबेथ ल ब्लाँ, जिने पुढे १९०७ मध्ये बायकांच्या आल्पाइन क्लबचं पहिलं अध्यक्षपद सांभाळलं, ती गाव नजरेआड झालं की स्कर्ट काढून आतल्या विजारीवर चढत असे आणि परतताना पुन्हा घालत असे. एकदा तो वरच राहिला आणि गावात शिरायच्या आधी परत जावं लागलं, असा किस्सा सांगतात. १८९५ मध्ये अॅनी पेक या अमेरिकन बाईने सरळ गुडघ्याखालपर्यंतच्या विजारीत मॅटरहॉर्न चढला, तर वर्तमानपत्रांत चर्चा तिच्या चढाईपेक्षा विजारीचीच जास्त. पॅरिसमध्ये बायकांना विजारीची बंदी करणारा १८०० सालचा हुकूम २०१३ मध्ये रद्दबातल ठरल्याचं अधिकृतपणे सांगण्यात आलं. फक्त २१३ वर्षं.

गंमत पुढेच आहे. १८५१ च्या सुमारास अमेरिकेत बायकांसाठी सैल विजारीची चळवळ निघाली, पुढे ब्लूमर नावाने प्रसिद्ध झाली ती. तेव्हा त्या विजारीला नाव काय होतं? ‘तुर्की विजार’. म्हणजे पूर्वेकडच्या बायका पायजमा घालतात हे तिकडे माहीत होतं. आपल्या बुऱ्हाणपुरात, दख्खनच्या सुभेदारांच्या या शहरात, पायजमा बाईच्या अंगावर असणं ही कधी बातमीच नव्हती. नूरजहाँने १६१७ मध्ये सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याची नोंद जहांगीरने केली आहे. त्या काळच्या चित्रांत दरबारी बायका पायजम्यात सर्रास दिसतात.

आणि त्या पायजम्यात एक तुकडा असतो, ज्याला आपल्या शहरातले जुने शिंपी आजही मियानी म्हणतात. दोन पायांच्या मध्ये, आसनाखाली शिवलेला चौकोनी तुकडा, शंकरपाळ्यासारखा आडवा लावलेला. ती उसवलेली पँट घेऊन मी आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या मास्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, पँट उलटी केली आणि म्हणाले, “कपडा नहीं फटता साहब, चौराहा फटता है.”

यंत्रशास्त्रात ज्याला ताणाचं केंद्रीकरण म्हणतात, ते मास्टरांनी एका वाक्यात सांगितलं. साध्या पँटमध्ये पुढची, मागची आणि दोन्ही पायांच्या आतली, अशा चार शिवणी एका बिंदूवर भेटतात. पाऊल कमरेइतकं उंच टाकलं की एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतचं आतल्या बाजूचं अंतर वाढतं. ते कापड कुठून तरी यायला हवं. थोडं खालून येतं, म्हणून मोहरी वर चढते. थोडं वरून येतं, म्हणून मागून कंबर खाली घसरते. आणि उरलेला सगळा ताण त्या चौरस्त्यावर. मियानी लावली की चौरस्ताच राहत नाही. चार शिवणी चार वेगवेगळ्या कोपऱ्यांवर जातात, मध्ये जास्तीचं कापड मिळतं, आणि तुकडा तिरका बसवला तर उभा-आडवा धागा ताणाच्या दिशेला कर्णावर येतो आणि कापड स्वतःच थोडं लांबतं.

कॅलिफोर्नियात माइक ग्रॅहम या गिर्यारोहकाने १९८२ मध्ये ग्रामिची नावाने ज्या पँट विकायला काढल्या, त्यांचं वैशिष्ट्य म्हणून हाच तुकडा सांगितला जातो. आज प्रत्येक चांगली कंपनी तो लावते आणि त्याची जाहिरात करते. त्यांनी तो आपल्याकडून उचलला असा माझा दावा नाही. पूर्वेकडच्या कुस्ती-कसरतीच्या विजारीत तो ठिकठिकाणी आहे. माझा मुद्दा एवढाच की आपल्या गल्लीतला मास्टर तो न सांगता लावतो, आणि आपण चार-पाच हजार रुपये देऊन तो नसलेली पँट आणतो.

तेव्हा पँट घेताना पहिल्यांदा ती उलटी करा. लेबल नंतर वाचा. आसनाखाली शंकरपाळं किंवा लांबट पट्टी दिसली पाहिजे. नसेल आणि विक्रेता म्हणाला “स्ट्रेच आहे”, तर समजा की ताण तिथेच आहे, फक्त थोडा उशिरा तुटेल. दुसरी गोष्ट उलटी वाटेल, पण बरोबर आहे. आसन खाली लोंबणारं म्हणजे पँट मोकळी, असं नाही. बिजागरी सांध्याजवळ असावी लागते. आसन खाली गेलं की मांड्या एकमेकींना बांधल्यासारख्या होतात. पटियाला सलवार चालते ती तिच्या प्रचंड घेरामुळे, आणि तोच घेर काट्यात अडकतो. म्हणून आसन अंगाजवळ आणि मियानी मोठी. खोलीतल्या खुर्चीच्या बैठकीवर एक पाऊल ठेवा, मग खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून बघा, नंतर उकिडवं बसा. कंबर मागून उघडी पडली किंवा मोहरी पोटरीवर चढून बसली तर ती परत करा.

कमरेबद्दल माझं ज्ञान उसनं आहे. माझी पुतणी पुण्यात प्रस्तरारोहण शिकते, तिने ऐकवलं ते असं. बायकांच्या कंबर आणि नितंब यांच्या मापात फरक जास्त असतो, आणि पुरुषांची पँट छोटी करून विकली की कंबर मागे पोकळ राहते. हार्नेसचा पट्टा नेमका तिथेच बसतो. म्हणून बटण, बक्कल, मागच्या खिशाचे रिबिट काही नको. रुंद सपाट इलास्टिक आणि आतून नाडी, म्हणजे आपला नेफाच. “आणि काका, हार्नेस घातल्यावर जो खिसा उघडत नाही तो नसल्यासारखाच.” खिसा मांडीवर, चेनचा, पट्ट्याच्या खाली हवा. मी विचारायला संकोचलो असतो ती गोष्टही तिने स्वतःच सांगितली: दिवसभर गडावर आडोसा शोधून बसावं लागतं, तेव्हा हार्नेसचे मागचे पट्टे सोडून पँट पटकन खाली-वर करता आली पाहिजे. ज्या मोजणीदार बाई दिवसभर पाणी न पिता राहतात, त्यांच्या त्रासाचं कारण बऱ्याचदा हेच असतं. आमच्या बैठकांत हे कधी बोललं गेलं नव्हतं.

कापडाचं म्हणाल तर जीन्स नको. ट्विलच्या विणीमुळे ती टिकते हे खरं, पण घामाने किंवा पावसाने भिजली की जड होते, मांडीला चिकटते आणि निमाडच्या उन्हात सोसवत नाही. (मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत ‘डंगरी’ शब्द गेला, तेव्हा जाड कामाच्या कपड्यांचा इतिहासही फार लांबचा नाही.) लेगिंग्जचं कापड विणलेलं नसून गुंफलेलं असतं, आपल्या काळ्या बसाल्टवर दोन वेळा गुडघा घासला की फासे सुटतात, आणि कुसळं त्यात घुसतात ती वेगळीच. हवं ते दाट विणीचं, नायलॉनमिश्रित, त्यात दोन-चार टक्के ताणणारा धागा, वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास. गुडघ्यावर चुणी किंवा कळी असावी, म्हणजे गुडघा वाकल्यावर कापड आधीच वाकलेलं असतं. मोहरी अरुंद किंवा नाडीने आवळता येणारी, कारण पाऊल कुठे टेकतंय ते दिसलं पाहिजे. शिवण दुमडून दुहेरी, दोरा पॉलिएस्टरचा. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून आडव्या ओढा. मधून उजेड दिसला तर घेऊ नका.

हे सगळं महागड्या दुकानातच मिळतं असं नाही. १९७५ मध्ये एव्हरेस्टवर जाणारी पहिली स्त्री जुन्को ताबेई आणि तिच्या मैत्रिणींनी पैसे नव्हते म्हणून गाडीच्या जुन्या सीटपासून हातमोज्यांची आवरणं शिवली आणि हंसाची पिसं मागवून झोपण्याच्या पिशव्या स्वतः केल्या. आपल्या शहरात तर गल्लोगल्ली पॉवरलूम खडखडताहेत आणि मियानी जाणणारे मास्टर अजून दुकानात बसतात. नायलॉनचं कापड इंदूरहून मागवलं, गुडघ्याला आणि बुडाला दुहेरी थर दिला. मास्टरांना हार्नेस दाखवला तर त्यांनी तो उलटसुलट करून पट्ट्यांच्या जागा खडूने कापडावर उतरवून घेतल्या आणि मियानी मी सांगितली त्याहून दोन बोटं मोठी केली.

पहिल्या दोन विजारी शिवून आल्या आहेत. रेखाटन करणाऱ्या बाईंनी त्या घालून आमच्या गच्चीच्या लोखंडी शिडीवर तासभर चढउतार केली. एकीची मोहरी अजून ढिली आहे, तिला नाडी लावायची. दुसरीची गुडघ्याची चुणी इंचभर खाली घ्यायची आहे. दिवाळीनंतर कुसळं वाळून झडली की मलयगडाची मापं पुन्हा घ्यायची, यावेळी माझ्याकडे टेपचं खालचं टोक.